पाऊस जिथे आटतो, तिथे भाषा पसरते

आधी नकाशा नीट पाहून घ्या, कारण पुढच्या तीन हजार वर्षांत तो बदलणार नाही. साधारण सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी इथे जमीन फाटली आणि लाव्हा पुन्हा पुन्हा वाहत राहिला. त्याचे थर साचून दख्खनचं पठार झालं. त्याची पश्चिमेची कड म्हणजे सह्याद्री, हजार-बाराशे मीटर उंचीचा सरळ कडा. उत्तरेला सातपुडा, त्याच्या एका अंगाने नर्मदा आणि दुसऱ्या अंगाने तापी. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला धडकतात आणि तिथेच रिकामे होतात. कोयनानगरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून शंभरेक किलोमीटर पूर्वेला, माणदेशात, तो पाचशेच्या आसपास येतो.

पाच हजार आणि पाचशे हे दोन आकडे लक्षात ठेवा. कोणती भाषा किती दूर जाईल आणि कोणती एका खोऱ्यातच राहील, याचं बरंचसं उत्तर त्यांत आहे. आता तुम्ही चालायला लागा.

इ.स.पू. 1000 : घोड नदीच्या काठी

तुम्ही आजच्या शिरूर तालुक्यातल्या इनामगावला आहात, पण गावाला अजून हे नाव नाही. नदीच्या पांढऱ्या मातीच्या काठावर घरं आहेत. जुनी घरं चौकोनी, मातीच्या बसक्या भिंतींची. त्यांतलं एक घर पाच खोल्यांचं आहे, ते गावच्या प्रमुखाचं असावं. शेजारी धान्याचं कोठार. नदीचं पाणी शेताकडे वळवायला खणलेला पाट आणि त्याला बांध. अंगणात तांबूस रंगाची, काळ्या रेघांची, तोटीची भांडी उन्हात ठेवलेली आहेत. एका घराच्या जमिनीखाली लहान मूल पुरलेलं आहे. दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवले आहेत आणि त्यांत ते निजवलं आहे. घरच्यांनी त्याला घराबाहेर जाऊ दिलेलं नाही.

तुम्ही उशिरा आला आहात. गावाचे चांगले दिवस सरत आले आहेत. पाऊस कमी होतो आहे, जवाचं पीक हाती लागत नाही. नवी घरं लहान आणि गोल आहेत, झोपड्यांसारखी, चार दिवसांत उभारता आणि चार दिवसांत सोडता येतील अशी. शेळ्यामेंढ्या वाढल्या आहेत, शिकार वाढली आहे. पाटाच्या पाण्यावर एका जागी बसून खाणारं गाव आता जनावरांच्या मागे हिंडायला शिकतं आहे. आणखी तीनशे वर्षांनी, इ.स.पू. 700 च्या सुमारास, इथे कोणीही राहणार नाही. विसाव्या शतकात डेक्कन कॉलेजचे संशोधक ही माती थराथराने उकलतील तेव्हाच हे सारं पुन्हा उजेडात येईल.

या लोकांनी लिहून काही ठेवलेलं नाही, त्यामुळे त्यांचं बोलणं आपल्यापर्यंत पोचलेलं नाही. पण त्यांच्या घरांच्या बदललेल्या आकारातून या पठाराचा पहिला नियम कळतो. इथे पावसाचा भरवसा नाही. ज्याला जगायचं त्याला आपल्या गावाबाहेर ओळखी ठेवाव्या लागतात, आणि ओळख ठेवायची तर बोलणं जुळावं लागतं.

इ.स.पू. पहिलं शतक : नाणेघाट

आता तुम्ही कड्याच्या टोकावर आहात. मागे जुन्नर, समोर खाली कोकण. दोन उंच दगडी भिंतींमधून एक चिंचोळी वाट उतरते. वर येणाऱ्या बैलांच्या पाठीवर गोणी आहेत. वाटेच्या तोंडाशी दगडात कोरलेला एक मोठा रांजण आहे. जकातीचं नाणं त्यात टाकून पुढे जायचं, असं सांगतात. माल कल्याण आणि सोपाऱ्याच्या बंदरातून वर येतो आणि पठारावरचा माल त्याच वाटेने खाली जातो.

बाजूच्या लेण्यात शिरा. डोळे अंधाराला सरावले की भिंतींवर ब्राह्मी अक्षरांच्या ओळी दिसू लागतात. सातवाहन राणी नागनिकेने हा लेख कोरून घेतला आहे. कोणते यज्ञ झाले, किती गाई दिल्या, किती घोडे, किती हत्ती, किती कार्षापणं, याची ही भली मोठी यादी. मागच्या भिंतीशी राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती आहेत. पुढे त्या नष्ट होतील, फक्त पावलं आणि वर कोरलेली नावं उरतील.

लेखाची भाषा प्राकृत आहे. खाली सोपाऱ्याला अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे सापडलेत तेही प्राकृतातच. म्हणजे मगधापासून या समुद्रकिनाऱ्यापर्यंत राजाचा हुकूम आणि व्यापाऱ्याचा हिशोब एकमेकांना ओळखीच्या वाटणाऱ्या बोलीत चालतो आहे. एवढा मोठा कडा मध्ये आहे आणि तरीही भाषा पलीकडे पोचली. ती या वाटेने पोचली. सह्याद्रीला भिंत म्हणायची आपल्याला सवय आहे, पण तिच्यातल्या प्रत्येक घाटातून बैल जातात, बैलांबरोबर माणसं जातात आणि माणसांबरोबर शब्द.

तेव्हा डोंगर म्हटला की भाषा तुटणारच, असं मानून चालणार नाही. डोंगरातून कोणाला, कशासाठी आणि किती वेळा जावं लागतं, हे पाहावं लागेल. जिथे पलीकडच्या मालाची गरज आहे तिथे घाट झिजून रुंद होतो. जिथे ती गरजच नाही तिथे छोटीशी टेकडीही पुरते.

या भाषेच्या खाली आणखी जुने थर आहेत, हेही इथेच ऐकून ठेवा. खाली कोकणात कितीतरी गावांची नावं पुढे ‘वली’ने संपणार आहेत. डोंबिवली, कांदिवली, बोरिवली. या शेवटामागे द्राविडी भाषांतला वस्तीवाचक ‘पल्ली’ असावा, असं काही भाषाशास्त्रज्ञांनी मांडलं आहे. आणि मराठी माणूस ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांत जो काटेकोर फरक करतो, ऐकणाऱ्याला वगळून एक आणि त्याला धरून दुसरा, तो द्राविडी भाषांमध्ये जुना आणि घट्ट रुजलेला आहे. दोन भाषांचे लोक पिढ्यान्पिढ्या एकाच ओढ्याचं पाणी प्यायल्याशिवाय व्याकरणाची इतकी आतली गोष्ट एकीकडून दुसरीकडे जात नाही.

तेराव्या शतकाचा शेवट : रिद्धपूर

तुम्ही वऱ्हाडात उतरला आहात. पायाखाली काळीभोर जमीन, पावसात चिकटणारी आणि उन्हात भेगाळणारी. नजर जाईल तिथवर सपाट. रिद्धपुरात महानुभाव पंथाची मंडळी जमली आहेत. म्हाइंभट नावाचे एक विद्वान गावोगाव फिरून आले आहेत. चक्रधरस्वामी कुठे काय बोलले, कोणाला काय म्हणाले, कुठे बसले, काय जेवले, हे ज्याने पाहिलं त्याच्याकडे जाऊन त्यांनी विचारलं आहे. एकाची आठवण दुसऱ्याशी ताडून पाहिली आहे. त्यातून ‘लीळाचरित्र’ तयार होतं आहे. मराठी गद्याचा हा पहिला मोठा ग्रंथ.

थोडा वेळ बसून ऐका. परंपरा सांगते की स्वतः चक्रधर गुजरातेतून आलेले. त्यांचे अनुयायी गोदावरीच्या काठचे, वऱ्हाडातले, आणखी कुठकुठले. ही सगळी माणसं शेकडो कोस पायी चालली आहेत आणि त्यांना कुठेही बोलणं अडलेलं नाही. पंथाने संस्कृत बाजूला ठेवून मराठी धरली, कारण साध्या माणसांना, बायाबापड्यांना, धर्म कळायला हवा होता. ही त्यांची निवड होती आणि मोठी निवड होती. पण ती इतक्या दूरवर पोचली याला पठाराचीही साथ होती. 1290 मध्ये प्रवरेकाठी नेवाशाला ‘ज्ञानेश्वरी’ झाली. तिथून रिद्धपूर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे, आणि तरी या दोन ग्रंथांची भाषा एकाच घरातली वाटते.

आता उठा आणि उत्तरेला पाहा. स्वच्छ हवेत क्षितिजावर एक निळसर रेघ दिसेल. तो गाविलगडचा डोंगर, त्याच्या पलीकडे मेळघाट. दोन-तीन दिवसांची चाल. पण तिथे पोचलात की तुमची मराठी उपयोगाची नाही. तिथे कोरकू बोलतात. ती मुंडा भाषा आहे, आणि तिचे जवळचे नातेवाईक इकडे कोणीच नाहीत. मुंडारी आणि संथाळी पूर्वेला, झारखंडच्या बाजूला, शेकडो किलोमीटर दूर आहेत. दूरचे नातेवाईक तर आणखी पुढे, ख्मेर आणि व्हिएतनामी. त्या सगळ्या कुळाचं पश्चिमेकडचं शेवटचं टोक या डोंगरात येऊन थांबलं आहे.

सपाटीवर साडेतीनशे किलोमीटर एकच भाषा, आणि डोंगर लागला की दोन-तीन दिवसांत वेगळं कुळ. हे का, याचा शोध घ्यायला सातपुड्याच्या आणखी जवळ जा.

1601 : असीरगड

अकबराच्या फौजेने असीरगड नुकताच घेतला आहे. तटावर उभे राहा. हा गड इथेच का, हे लगेच कळेल. सातपुड्याच्या रांगेत इथे एक खिंड आहे. उत्तरेतून दख्खनेत यायचं तर नर्मदा ओलांडून याच वाटेने तापीच्या खोऱ्यात उतरायचं आणि बुऱ्हाणपूर गाठायचं. हत्ती, तोफा, घोड्यांचे सौदागर, सूफी फकीर, विणकर, सगळे इथूनच जातात.

खाली बुऱ्हाणपुरात जा. बाजारात फारसी ऐकू येते, हिंदवी, दख्खनी, गुजराती, खानदेशी, मराठी. जामा मशिदीत अरबीच्या जोडीला चक्क संस्कृत शिलालेख आहे. फारुकी सुलतानाने तो कोरवून घेऊन अजून फार वर्षं झालेली नाहीत. इथे भाषा एकमेकींत मिसळतात, एकमेकींकडून शब्द घेतात, आणि जी जास्त लोकांना उपयोगी पडते ती पुढे जाते. ज्या दख्खनीत पुढे विजापूर-गोवळकोंड्याला कवी लिहितात, तिची मुळं उत्तरेतून दक्षिणेत उतरलेल्या अशाच माणसांबरोबर आली.

आता खिंड सोडा आणि आग्नेयेकडे डोंगराच्या कडेने चालत राहा. सरळ रेषेत पन्नासेक किलोमीटर. आजच्या बुलढाणा जिल्ह्यात, जळगाव जामोदच्या वरच्या अंगाला, सागाचं, सालईचं, मोहाचं जंगल आहे. तिथल्या एका वस्तीवर तुम्ही संध्याकाळी पोचता. बायका मोहाची फुलं वाळत घालताहेत. कुटकी, कोद्रा असं डोंगरउतारावरचं धान्य कणगीत आहे. चारोळी, मध, तेंदू, कंद हे ज्याच्या त्याच्या मोसमात जंगल देतं. पाऊस सपाटीपेक्षा बरा पडतो, आणि एक पीक गेलं तरी चार गोष्टी रानात असतात. मुलुख जिंकणाऱ्या फौजेला इथे घेण्यासारखं काही नाही, आणि हिवतापाच्या भीतीने परका माणूस पावसाळ्यात इकडे फिरकत नाही.

इथे बोलली जाते ती निहाली. शेजारी कोरकू आहेत, त्यांच्याकडून निहालीने पुष्कळ घेतलं आहे. द्राविडी भाषांकडून घेतलं आहे, मराठीकडून घेतलं आहे. तरी घेतलेलं सगळं बाजूला काढलं की तळाशी असं काही उरतं जे कोणत्याच भाषेशी जुळत नाही. रक्त, अंडं असे अगदी मूळचे, उसने घ्यायची गरजच पडू नये असे शब्द तिचे स्वतःचे आहेत. भाषाशास्त्रात अशा भाषेला एकाकी भाषा म्हणतात. तिचं कुळ नाही, बहीण नाही. आर्य, द्राविडी आणि मुंडा भाषा इथे एकमेकींशेजारी आल्या त्याच्याही आधीच्या बोलण्याचा तो अंश असू शकतो.

खिंडीतून साम्राज्यं ये-जा करत होती आणि दोन-तीन दिवसांच्या अंतरावर ही भाषा टिकून होती. एकाच डोंगराने दोन्ही कामं केली.

1629 ते 1631 : माणदेश ते चिपळूण

दसरा होऊन गेला आहे. तुम्ही माणदेशातल्या धनगरांच्या वाड्याबरोबर निघाला आहात. बिऱ्हाड घोड्यांवर लादलं आहे, वर लहान मुलं आणि कोंबड्या. बाया घोड्यांबरोबर पुढे, गडी मेंढरांबरोबर मागे. पावसाळ्यात मेंढरं कोरड्या माळावर ठेवायची, कारण ओलीत त्यांचे खूर सडतात. पाऊस सरला आणि माळावरचं गवत संपलं की पश्चिमेला निघायचं. पाटण, हेळवाक, मग कुंभार्ली घाट आणि खाली चिपळूण.

घाट उतरताना हवा बदलते. खाली भाताची कापणी झालेली आहे. खाचरात बुडखे उभे आहेत. धनगर कुणब्याच्या अंगणात जाऊन उभा राहतो. कुणबी ओळखीचा आहे, त्याचा बापही ओळखीचा होता.

“राम राम, मामा. औंदा किती राती बसवायची मेंढरं?”

कुणबी त्याला घोंगडीवर बसवतो, पाणी देतो. घरात म्हातारी विचारते, घरधनीण का आली नाही, मागच्या साली पोटुशी होती. मग बोलणी होतात. इतक्या मेंढरांना इतक्या रात्री, इतकं भात. रात्री खाचरात वाघूर लावून मेंढरं कोंडली जातात आणि त्यांच्या लेंडी-मुताने पुढच्या भाताला खत होतं. कुणब्याचं बोलणं वेगळ्या हेलाचं आहे, काही शब्द धनगराला दर वर्षी नव्याने आठवावे लागतात, पण अडत नाही. कोरड्या मुलखातला माणूस गरजेपोटी दोन्ही बोली जाणतो. कुणब्याला मात्र घाट चढून माणदेशात जायचं कारण आयुष्यात क्वचितच पडतं.

धनगर पुढच्या गावाला जातील, तुम्ही वाशिष्ठीच्या काठी थांबा आणि कोकण पाहा. डोंगरापासून समुद्रापर्यंत जेमतेम पन्नास-साठ किलोमीटरची पट्टी, आणि तिच्या आडव्या चिरा पाडणाऱ्या नद्या. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री. प्रत्येकीची खाडी रुंद, भरती-ओहोटीची, तर आली तर पलीकडे जायचं. आखाड-सावनात समुद्र बंद, गलबतं किनाऱ्यावर ओढून झावळ्यांनी शाकारलेली. नारळी पौर्णिमेपर्यंत ज्याने त्याने आपल्या खोऱ्यात राहायचं. आणि राहता येतं. भात आहे, मासळी आहे, नारळ आहे, कुळीथ आहे. साऱ्या पावसाळ्यात शेजारच्या खोऱ्याकडे हात पसरायची वेळ येत नाही.

म्हणून इथे बोली दाटीवाटीने आहेत. सावित्रीच्या बाजूला बाणकोटी, शास्त्रीच्या बाजूला संगमेश्वरी, चित्पावनांच्या घरात त्यांची नाकातली चित्पावनी, आणखी दक्षिणेला कुडाळी आणि मालवणी, त्यापलीकडे गोव्याची कोकणी. उत्तरेला आगरी, वाडवळी, वसईची सामवेदी, कोळ्यांची वेगळी. देशावर दोनशे किलोमीटर चाललात तर इतका फरक कानावर पडणार नाही, जितका इथे दोन-तीन खाड्या ओलांडताना पडतो.

1630 मध्ये पाऊस आलाच नाही. दख्खन आणि गुजरातमध्ये भीषण दुष्काळ पडला. तुम्ही पुन्हा घाट चढून वर या आणि रस्त्याकडे पाहा. गावंच्या गावं उठली आहेत. कोणी गोदावरीकडे, कोणी भीमेकडे, कोणी जिथे धान्य असेल असं ऐकलं तिकडे. वाटेत जी माणसं मेली त्यांच्याबरोबर त्यांची बोलण्याची खास धाटणीही गेली. जी वाचली ती दुसऱ्या गावात राहिली, तिथे सोयरिकी झाल्या, त्यांची मुलं तिथलं बोलू लागली. पठाराची भाषा अशी पिढ्यान्पिढ्या मळली आणि सारखी होत गेली. हा एकसारखेपणा फुकट आलेला नाही. त्यात पुष्कळांची उपासमार आहे.

1998 : एक अभ्यास आणि दूरचे दोन प्रदेश

आता साडेतीनशे वर्षं ओलांडा. डॅनियल नेटल नावाच्या ब्रिटिश अभ्यासकाने जगभरच्या देशांचे आकडे घेऊन एक साधा प्रश्न विचारला आहे. वर्षातले किती महिने पीक उभं राहू शकतं, आणि त्या देशात भाषा किती? उत्तर पश्चिम आफ्रिकेच्या नकाशावर उघड दिसतं. सहारा वाळवंटाच्या कडेला नायजर हा प्रचंड देश आहे, तिथे भाषा वीसएक. त्याच्या दक्षिणेला नायजेरिया, क्षेत्रफळाने त्याहून लहान, पण किनाऱ्याकडे पाऊस भरपूर. तिथे भाषा पाचशेहून जास्त. न्यू गिनी बेटाच्या पूर्वेच्या अर्ध्या भागात, म्हणजे पापुआ न्यू गिनीत, पिकाला वर्षभर पाणी आहे आणि भाषा आठशेहून अधिक.

नेटलचं म्हणणं असं, की जिथे पीक दगा देतं तिथे माणूस दूरवर नाती जोडतो आणि नाती जोडायला एक भाषा लागते. जिथे पोटाची हमी आपल्याच खोऱ्यात आहे तिथे लहान समूहही स्वतःच्या भाषेत पिढ्या काढू शकतो. त्याच दशकात जोहाना निकोल्स या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञेने जगाचे दोन प्रकारचे प्रदेश ओळखले. काही प्रदेशांत भाषा पसरतात आणि आधीच्या भाषांना झाकून टाकतात. काही प्रदेशांत जुन्या भाषा साचून राहतात. पहिले बहुधा मोकळे, सपाट. दुसरे बहुधा डोंगराळ.

तुम्ही तीन हजार वर्षं जे पाहत आलात ते हेच. देशाचं पठार पहिल्या प्रकारचं आणि सातपुडा दुसऱ्या. कोकणात खोऱ्यागणिक बोली आणि मराठवाड्यात कोसच्या कोस एक सूर. हा नियम लोखंडी नाही. राजसत्ता, धर्म, जात, बाजार, शाई आणि छापखाना या सगळ्यांनी तो वाकवला आहे. पण तळाशी तो आहे, पावसाइतका जुना.

1900 ते आज : कचेरीतून जामोदला

अगदी थोडं मागे या. विसाव्या शतकाची सुरुवात आहे. जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या देखरेखीखाली हिंदुस्थानातल्या भाषांची पाहणी चालू आहे. पद्धत सोपी आहे. बायबलमधली उधळ्या मुलाची गोष्ट प्रत्येक बोलीत सांगायला लावायची आणि ती लिहून घ्यायची. तुम्ही एका जिल्हा कचेरीत कारकुनाच्या शेजारी बसला आहात. समोरचा माणूस बिचकत बोलतो, कारकून बोरू थांबवून एकेक शब्द पुन्हा विचारतो. आपली बोली कोणी लिहून घेईल असं त्या माणसाला कधी वाटलं नव्हतं. मराठीवरचा खंड 1905 मध्ये निघतो. मुंडा आणि द्राविडी भाषांच्या खंडात निहालीही येते, पण कोरकूच्या आडोशाने. ती मुळात वेगळी आहे हे पुढे 1962 मध्ये कायपर या डच विद्वानाच्या अभ्यासाने ठळकपणे समोर येतं.

आता आजच्या जळगाव जामोदला या. आठवड्याचा बाजार आहे. एक बाई दुकानदाराशी मराठीत घासाघीस करते, शेजारच्या कोरकू बाईशी कोरकूत बोलते आणि कडेवरच्या नातीला समजावताना मध्येच निहालीवर येते. तिला या तीन भाषा येतात म्हणून तिला कोणी विद्वान म्हणत नाही. नात मराठीत उत्तर देते. आजी क्षणभर थांबते आणि पुढचं वाक्य मराठीत बोलते.

निहाली बोलणारे आज दोन-अडीच हजारांच्या आसपास आहेत. फक्त निहालीच येते असा माणूस आता उरलेला नाही. मूळच्या निहाली शब्दांपैकी पाव भागही आता वापरात नाही. जनगणनेत दहा हजारांहून कमी लोक बोलतात ती भाषा स्वतंत्र नोंदली जात नाही, त्यामुळे सरकारी यादीत तिचं नावही सापडत नाही. बहुतेकांना दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला जावं लागतं, आणि मजुरीची भाषा मालकाची असते.

डोंगर तोच आहे. पण डोंगराने जे दिलं ते आता मिळत नाही. जंगलावरचा हक्क आक्रसला, मोह आणि चारोळीवर वर्ष निघत नाही, पोट खाली सपाटीवर आलं. कुणब्याच्या अंगणात उभ्या राहिलेल्या धनगरासारखाच हा माणूस गरजेपोटी शेजाऱ्याची भाषा शिकतो आहे. फरक असा, की धनगराची स्वतःची भाषा माळावर हजारो लोक बोलत होते. निहालीमागे असा माळ नाही. सह्याद्रीच्या खोऱ्यांतही हेच चाललं आहे, फक्त सावकाश. खाड्यांवर पूल झाले, मुंबईची गाडी रोज आहे, आणि संगमेश्वरी बोलणारा मुलगा शाळेत आपली बोली घरी ठेवून जातो.

पूल नकोत, रस्ते नकोत असं कोणीही शहाणा म्हणणार नाही. रात्री बाळंतिणीला दवाखान्यात न्यायला रस्ता लागतो. दुष्काळात माणसं मरू नयेत म्हणून धान्य दूरवर पोचवावं लागतं. एकाकीपणाने जी भाषा राखली, तो एकाकीपणा कोणावर लादणं अन्याय होईल. मला म्हणायचं आहे ते एवढंच, की इतकी शतकं जे काम पाऊस, जंगल आणि खाडी करत होती ते आता त्यांच्याकडून होणार नाही. ते माणसांनी ठरवून करावं लागेल.

आणि करता येईल. राज्यघटनेच्या 350-क कलमात भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं, अशी तरतूद 1956 पासून आहे. 2020 च्या शैक्षणिक धोरणात, शक्य असेल तिथे पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावं, असं म्हटलं आहे. जामोदच्या वाड्यांवरच्या अंगणवाडीत निहाली बोलणारी एक सेविका असणं अवघड नाही. धारणी-चिखलदऱ्याच्या शाळांत पहिली दोन वर्षं कोरकूतून शिकवणारे शिक्षक नेमणं अवघड नाही. आजीच्या तोंडच्या गोष्टी आवाजात नोंदवून त्याच गावातल्या मुलांना ऐकवणं तर मुळीच अवघड नाही. त्याने मराठीचं काहीही कमी होणार नाही. दोन भाषा येणारं मूल तिसरी लवकर शिकतं, हे त्या बाजारातल्या आजीकडे पाहूनही कळतं.

2011 च्या जनगणनेत मराठी बोलणारे आठ कोटींहून जास्त निघाले. 2024 मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आणि रिद्धपूरला मराठीचं विद्यापीठ उभं राहतं आहे. या सगळ्याचा अभिमान वाटतो, वाटलाच पाहिजे. पण मराठी इतकी मोठी झाली त्यात म्हाइंभटांच्या कष्टांइतकाच त्या सपाट, अवर्षणी पठाराचा वाटा आहे. पठाराने आपल्याला पसरायला जागा दिली. डोंगरातल्या भाषांना तशी जागा भूगोलाने कधीच दिली नव्हती, आणि जो आसरा दिला होता तोही आता मोडला आहे. त्यांच्या सर्वांत जवळचा, सर्वांत मोठा आणि सर्वांत बलवान शेजारी मराठी माणूस आहे. अंगणवाडीत, शाळेत आणि ग्रामसभेत त्या भाषांना जागा करून देण्याची पहिली जबाबदारी म्हणूनच त्याच्यावर येते.